बंद घराचं नाक

एप्रिल-मे महिन्यात चाकण आणि राजगुरुनगरच्या परिसरातला उन्हाळी कांदा चाळीत जातो. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते. तळाला बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या, पट्ट्यांमध्ये फटी आणि बाजूच्या भिंतींनाही फटी. इतका खटाटोप कशासाठी, हे चाकणच्या कांदा बाजारात कुणीही सांगेल. काढून ठेवलेला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, ओल सोडतो. हवा खेळती राहिली नाही, तर ढिगाच्या पोटात ऊब धरते आणि कांदा सडू लागतो.

हा कांदा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची पुढची पिढी आता पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या सोसायट्यांत राहते. सरकत्या खिडक्यांना रबरी पट्ट्या असतात आणि दार घट्ट बसतं. बाहेर कंटेनरांची रांग, हॉर्न आणि धूळ, म्हणून खिडक्या दिवसरात्र बंद. रात्री एसी लावून चौघं झोपतात आणि सकाळी उठतात ती जड डोक्यानं. कुणी बाहेरून खोलीत आलं की पहिला शब्द तोंडातून निघतो तो ‘कोंदट’. रात्रभर एसी चालू होता, खोली गारही होती. मग हवा शिळी झाली कशी?

एसी हवा आणत नाही

बऱ्याच घरांत असा समज असतो की भिंतीवरचा एसी बाहेरची हवा गार करून आत सोडतो. स्प्लिट एसी तसं करत नाही. भिंतीतून बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांमधून हवा जातच नाही. उष्णता वाहून नेणारा वायू त्या नळ्यांतून ये-जा करतो. खोलीतली हवा खोलीतच फिरत राहते. ती गार होते, थोडी कोरडी होते, पण असते तीच.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३२ हजार लिटर हवा मावते. झोपलेला माणूस तासाला १० ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे खोलीत दोघंच झोपली, तरी मिळून सुमारे २५ लिटर. मोकळ्या हवेत या वायूचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतं. खोली अगदी हवाबंद असेल, तर तासाभरातच ते १,२०० च्या आसपास पोचतं आणि पुढच्या प्रत्येक तासाला जवळपास ८०० नं वाढत जातं. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून वाढ एवढी वेगानं होत नाही. पण सकाळपर्यंत आकडा बाहेरच्या कित्येक पट झालेला असतो. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी ठरत नाही. हवा किती शिळी झाली, याचं ते माप आहे. त्याच्याबरोबर श्वासातली ओल, घामाचा वास, फर्निचरच्या प्लायवूडमधून आणि रंगातून सुटणारी रसायनं, सगळंच साचत असतं.

वाड्यातल्या हवेची वाट

राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचं खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी इथेच झाला आणि गावाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. त्यांचा वाडा भीमेच्या काठी आहे. अशा जुन्या वाड्यांमध्ये हवेची वाट बांधणीतच ठेवलेली असायची. मधला चौक आकाशाला उघडा. तापलेली हवा चौकातून वर निघून जायची आणि तिची जागा घ्यायला झरोक्यांतून, पुढच्या-मागच्या दारांतून, कौलांच्या फटींतून गार हवा आत शिरायची. यासाठी कुणाला वेगळं काही करावं लागत नसे. धूळ यायची, डास यायचे, थंडीत कुडकुडायलाही व्हायचं, पण हवा शिळी होत नसे.

थंड देशांत असं मोकळं घर परवडत नाही. जर्मनीत भाड्याच्या घरांत दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायची पद्धत आहे. तिला ते ‘श्टोसल्युफ्टन’ म्हणतात, म्हणजे झटक्यात हवा पालटणं. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकणचे कारखाने २००९ साली सुरू झाले, तेव्हापासून या पट्ट्यातल्या अनेक घरांचा जर्मनीशी संबंध आला. कुणी प्रशिक्षणाला जातं, कुणी दोन-तीन वर्षं सहकुटुंब राहतं. तिथल्या नव्या इमारतींत त्यांना आणखी एक गोष्ट दिसते. छतात किंवा माळ्यावर बसवलेली एक पेटी मंद घुमत असते आणि खिडकी न उघडता घरात ताजी हवा येत राहते. हीच उष्णता वाचवणारी वायुवीजन यंत्रणा, म्हणजे हीट रिकव्हरी व्हेंटिलेशन. बोलताना सगळे तिला एचआरव्ही म्हणतात.

बंबात दडलेलं उत्तर

या पेटीचं मर्म समजायला तांब्याचा बंब आठवावा. बंबाच्या मधल्या नळीत जाळ आणि धूर, भोवती पाणी. धुराची धग तांब्याच्या पत्र्यातून पाण्यात उतरते, पण धूर आणि पाणी एकमेकांना शिवतही नाहीत. आंघोळीच्या पाण्याला धुराचा वास येत नाही तो म्हणूनच. एचआरव्हीच्या पोटात असाच, पण पुष्कळ पातळ पत्र्यांचा, चौकोनी किंवा षटकोनी गठ्ठा असतो. त्याला कोअर म्हणतात. एका पत्र्याआड घरातली शिळी हवा बाहेर चाललेली असते, शेजारच्या पत्र्याआड बाहेरची ताजी हवा आत येत असते. हवा मिसळत नाही, ऊब मात्र पत्रा ओलांडते.

दोन्ही हवा एकाच दिशेनं वाहिल्या तर फार तर निम्मी उष्णता वाचते. आतली हवा २० अंश आणि बाहेरची ० अंश असेल, तर दोन्ही वाटेत १० अंशांवर येऊन थांबतील. म्हणून चांगल्या यंत्रात त्यांना समोरासमोर आणतात. बाहेर पडताना गारठत चाललेली शिळी हवा अगदी थंड हवेला भेटते, तिलाही थोडी ऊब देऊन जाते. आत पोचत आलेली ताजी हवा घरातून नुकत्याच निघालेल्या गरम हवेला भेटते. असं केल्यावर ० अंशांची हवा १६ ते १८ अंशांची होऊन खोलीत उतरते. दूध प्रक्रियेच्या कारखान्यातही हेच तत्त्व वापरतात. पाश्चरायझेशन करून निघालेलं गरम दूध पातळ पत्र्यांच्या एका बाजूनं जातं आणि दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या थंड कच्च्या दुधाला तापवतं.

पेटीत कोअरखेरीज दोन पंखे, दोन फिल्टर आणि पाणी वाहून नेणारी एक नळी असते. पेटीपासून घरभर डक्ट जातात. ताजी हवा बेडरूम आणि हॉलमध्ये सोडली जाते. शिळी हवा स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडासातून ओढली जाते, कारण वास आणि ओल तिथेच जास्त.

कॅनडात सस्कॅचवान प्रांतातल्या रेजायना शहरात १९७७ साली बांधलेलं ‘सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस’ हे अशी हवा-ते-हवा उष्णता वाचवणारी यंत्रणा असलेल्या सुरुवातीच्या घरांपैकी एक. पुढे जर्मनीत डार्मश्टाटला १९९१ साली पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ उभं राहिलं. त्यातही ही पेटी होतीच.

रेजायनाची थंडी, राजगुरुनगरचा उन्हाळा

मग ही पेटी इथे लावावी का? इथे प्रामाणिकपणे हिशेब मांडायला हवा. दोन बेडरूमच्या साधारण ७५० चौरस फुटांच्या फ्लॅटला तासाला ८० ते ९० घनमीटर ताजी हवा पुरते. रेजायनात बाहेर उणे २० आणि आत २० अंश असताना एवढी हवा तापवायला सुमारे १,२०० वॉट लागतात. त्यातले हजारेक वॉट ही पेटी वाचवते. दिवसाचे चोवीस तास आणि वर्षातले कित्येक महिने.

राजगुरुनगरात मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४० आणि एसी लावलेल्या खोलीत २६ अंश असतात. फरक फक्त १४ अंशांचा. पेटी इथे साडेतीनशे वॉटच्या आसपास उष्णता बाहेर अडवते. एसी एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर फेकतो, असं धरलं तर विजेची खरी बचत शंभर-सव्वाशे वॉटचीच, आणि पेटीचे दोन पंखेही वीज खातात. संध्याकाळी हवा निवली की तेवढीही उरत नाही. वीजबिल कमी व्हावं म्हणून चाकणच्या पट्ट्यात एचआरव्ही बसवणं शहाणपणाचं नाही.

ती बसवावी ती गाळलेल्या हवेसाठी. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये खिडकी उघडली तर धूळ आणि आवाज, बंद ठेवली तर कोंडमारा. या पेचातून पेटी सोडवते. पावसाळ्यात मात्र तिचा प्रकार बघून घ्यावा. जुलैत आत-बाहेर तापमानात फरक नसतोच, त्रास असतो तो ओलीचा. त्यासाठी ईआरव्ही नावाची पेटी येते. तिच्या कोअरमधला पडदा माठासारखा असतो. माठातून पाणी गळत नाही, पण ओल पाझरते. तसंच या पडद्यातून हवा जात नाही, वाफ जाते. एसी चालू असेल तर बाहेरच्या दमट हवेतली काही ओल परस्पर बाहेर जाणाऱ्या कोरड्या हवेत उतरते. एसी बंद असेल, तर आत-बाहेर ओल सारखीच आणि मग कुठलाच पडदा कामाचा नाही.

निगेची सुरुवात फिल्टरपासून

पेटीचं झाकण उघडून फिल्टर बाहेर ओढला की परिसराचा चेहरा त्यावर उमटलेला दिसतो. बाहेरच्या हवेच्या फिल्टरवर कागदी घड्यांच्या टोकांना काळपट साय धरलेली असते. तिच्यात डिझेलची काजळी, टायरची झीज आणि बांधकामाचं सिमेंट असतं. घरातल्या हवेच्या फिल्टरवरचा थर वेगळा. तो मऊ, करडा, कपड्यांच्या तंतूंचा आणि केसांचा. हा दुसरा फिल्टर माणसांसाठी नसतो, तो कोअरला घाणीपासून वाचवतो. म्हणून तो जाडसर चालतो. बाहेरच्या हवेचा फिल्टर मात्र बारीक हवा. जुन्या युरोपीय वर्गवारीत त्याला एफ-७ म्हणत, अमेरिकी मोजणीत तो साधारण मर्व्ह-१३ होतो. फुप्फुसात खोलवर जाणारे अडीच मायक्रॉनचे कण पुष्कळ प्रमाणात तोच अडवतो. केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते, यावरून हे कण किती बारीक ते समजावं.

यंत्राच्या माहितीपत्रकात बहुधा लिहिलेलं असतं की फिल्टर तीन महिन्यांनी बघा, सहा ते बारा महिन्यांनी बदला. हा सल्ला जंगलालगतच्या शांत वस्तीसाठी ठीक. चाकणच्या तळेगाव चौकाच्या आसपास किंवा नव्या बांधकामाशेजारी राहणाऱ्यांनी पहिल्या वर्षी दर महिन्याला झाकण उघडून बघावं आणि आपल्या घराचं वेळापत्रक स्वतः ठरवावं. फिल्टरच्या कडेला एक बाण छापलेला असतो. हवा ज्या दिशेनं वाहते, त्याच दिशेला तो हवा. फिल्टर उलटा बसवणं ही अगदी नेहमीची चूक आहे. जाडसर जाळी धुतली तर चालते. घड्यांचा बारीक फिल्टर धुवू नये, झटकूही नये. पाण्यानं त्याचे तंतू चिकटतात आणि मग तो दिसायला स्वच्छ पण कामाला निकामी होतो.

फिल्टर तुंबला म्हणजे फक्त हवा कमी येते, एवढंच नाही. बाहेरच्या बाजूचा तुंबला आणि आतल्या बाजूचा मोकळा राहिला, तर पेटी जितकी हवा आत सोडते त्याहून जास्त बाहेर फेकते. मग घर मिळेल तिथून हवा ओढायला लागतं. दाराच्या फटीतून, स्विचबोर्डाच्या मागून, बाथरूमच्या कोरड्या पडलेल्या नहाणी ट्रॅपमधून. गटाराचा वास येतो आणि घरातले लोक प्लंबरला बोलावतात. दोष असतो तो छतातल्या फिल्टरचा.

याच कारणानं एक धोक्याची सूचना. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर हवा ओढणारं कुठलंही यंत्र भरवशाचं नाही. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेल्याच्या घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. तसा गिझर बाथरूममधून आधी बाहेर काढावा, पेटीचा विचार नंतर.

पाणी, तेल आणि कबुतरं

गरम दमट हवा गार पत्र्यावरून गेली की पत्र्याला घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर दव धरतं, तसंच. थंड देशांत हे पाणी बाहेर जाणाऱ्या हवेच्या बाजूला साचतं. कडाक्याच्या थंडीत ते कोअरमध्ये गोठतं आणि यंत्र मधूनमधून स्वतःच बर्फ वितळवत बसतं. कॅनडात पहिला हिवाळा काढणाऱ्या कुटुंबाला पेटी बिघडली असं वाटतं, पण ते तिचं नेहमीचं काम असतं. आपल्याकडे पावसाळ्यात, एसी चालू असताना, पाणी उलट बाजूला म्हणजे आत येणाऱ्या हवेकडे साचू शकतं. म्हणून पेटी घेताना त्या बाजूलाही पाण्याची सोय आहे का, हे विचारावं.

पाण्याच्या नळीला बेसिनखाली असतो तसा वाकडा ट्रॅप असतो. त्यात पाणी भरलेलं असेल तोवर गटाराची हवा वर येत नाही. कोरड्या महिन्यांत ते आटतं, तेव्हा तांब्याभर पाणी ओतावं. ट्रेमध्ये मात्र पाणी थांबू देऊ नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. वर्षातून एकदा ट्रेमध्ये थोडं पाणी ओतून ते सरळ वाहून जातं का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

दुसरी गोष्ट फोडणीची. मराठी स्वयंपाकघरात तेल तापतं, मोहरी तडतडते आणि तेलाचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात. शेगडीवरची चिमणी एचआरव्हीच्या डक्टला कधीही जोडू नये. ते तेल कोअरच्या पत्र्यांवर बसतं, त्यावर धूळ चिकटते, मग तो थर पाण्यानं निघत नाही. चिमणीचा पाइप वेगळा बाहेर काढावा आणि पेटीचं हवा ओढणारं तोंड शेगडीपासून लांब ठेवावं.

आणि कबुतरं. बाहेरच्या भिंतीवर ताजी हवा घेणाऱ्या तोंडाला जाळी असते. तिच्यावर पिसं, पालापाचोळा, कोळ्याची जाळी साचतात. वर सज्जा असेल तर घरटंही होतं. कबुतराच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार होतो. म्हणून ही जाळी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर साफ करावी. ती हाताला येत नसेल, तर साफ होणार नाही, हे उघड आहे.

वर्षातला एक रविवार

कोअर वर्षातून एकदा बाहेर काढून बघावा. आधी विजेचा खटका बंद करावा. कोअर रुळांवरून सरकत येतो, त्याला बहुतेक वेळा ओढायला पट्टी असते. काढण्याआधी वरची बाजू कुठली, समोरची कुठली, हे पेननं लिहून ठेवावं. साधा एचआरव्हीचा कोअर कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, खळबळून काढता येतो. जोराचा फवारा मारू नये, पातळ पत्रे वाकतात. पूर्ण निथळून वाळल्याशिवाय परत बसवू नये. ईआरव्हीचा पडदा सरसकट धुता येत नाही. काही धुण्याजोगे असतात, काहींवर फक्त मऊ ब्रशनं व्हॅक्यूम फिरवायचा असतो. तिथे माहितीपत्रक वाचण्याला पर्याय नाही.

कोअर बाहेर असतानाच पंख्याची पाती दिसतात. त्यांवर एका बाजूला धूळ जास्त बसली की पंखा डगमगतो आणि घरघर सुरू होते. सुक्या ब्रशनं ती झाडावी. छतातल्या गोल झडपाही पुसाव्यात, पण त्यांची मधली चकती फिरवू नये. कुठल्या खोलीत किती हवा जायची, हे त्या चकतीनं ठरलेलं असतं. ती एकदा हलली की सगळ्या घराचं गणित बिघडतं.

फ्रिजवर चिकटवण्यासाठी
दर महिन्याला: दोन्ही फिल्टर नजरेखालून घालणं.
दर तीन ते सहा महिन्यांनी: बाहेरच्या हवेचा बारीक फिल्टर बदलणं, रस्ता आणि धूळ पाहून.
पावसाळ्याच्या आधी आणि नंतर: बाहेरची जाळी, ट्रे आणि ट्रॅप.
वर्षातून एकदा: कोअर, पंख्याची पाती, झडपा.
दर दोन-तीन वर्षांनी: जाणकाराकडून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचं मोजमाप.

हवा वाहते की नाही, याची घरगुती परीक्षाही आहे. बाथरूमच्या झडपेला टिश्यू पेपरचा एक पदर लावावा. तो चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. बेडरूमच्या झडपेखाली उदबत्ती धरावी. धूर खोलीकडे ढकलला गेला पाहिजे.

फाथोर्स्टचा धडा

नेदरलँड्समध्ये आमर्सफोर्ट शहराला लागून फाथोर्स्ट नावाची नवी वसाहत उभी राहिली. घरं हवाबंद, वायुवीजन यंत्रावर. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या रहिवाशांनी तब्येतीच्या तक्रारी सुरू केल्या. तपासणीत आढळलं की कित्येक घरांत यंत्र पुरेशी हवा देत नव्हतं, घाण साचली होती, आणि आवाजाला कंटाळून लोक पेटी सगळ्यात कमी वेगावर ठेवत होते. तत्त्वात चूक नव्हती. बसवण्यात आणि निगा राखण्यात होती. वाड्याच्या चौकाला निगा लागत नसे, बंद घरातल्या पेटीला ती लागते आणि ती न राखलेली पेटी उघड्या खिडकीपेक्षा वाईट.

चाकण आणि राजगुरुनगरच्या नव्या इमारतींत अशा पेट्या आल्या, तर त्या फॉल्स सीलिंगच्या आड जातील. तिथेच खरी अडचण आहे. छत सुंदर दिसावं म्हणून झाकण लहान ठेवतात, पेटी आणि बीमच्या मध्ये चार बोटांची जागा उरते, आणि कोअर बाहेर निघायला जागाच राहत नाही. म्हणून घर ताब्यात घेण्याआधी एक स्टूल मागवा, छताचं झाकण उघडा, फिल्टर स्वतःच्या हातानं बाहेर काढून परत बसवून पाहा. तो निघाला नाही, तर सही करण्याआधी झाकण मोठं करून घ्या.